बॉक्स्टरचं ४६ किलो वजन उतरवलं : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आडगावच्या पुढे हायवेलगत एक वजनकाटा आहे. ऑक्टोबरात एका रविवारी सकाळी साडेसहाला मी माझी पोर्श बॉक्स्टर, म्हणजे छप्पर उघडणारी दोन सीटची स्पोर्ट्स कार, घेऊन तिथल्या रांगेत उभा होतो. पुढे कांद्याचे दोन ट्रॅक्टर, मागे विटांचा ट्रक. काट्यावरच्या काकांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "भाऊ, भरलेली का रिकामी?" रिकामीच म्हटलं. "मग तुम्ही पण उतरा की खाली." उतरलो. पावतीवर आकडा आला १३९० किलो. तो काटा १० किलोच्या पटीतच दाखवतो, त्यामुळे चार-पाच किलो इकडेतिकडे धरायचे.

गाडी २०१० ची, ९८७ मालिकेतली. २.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे, २५५ पीएस (साधारण तेवढीच अश्वशक्ती), मॅन्युअल गिअर. कंपनीच्या कागदावर तिचं वजन १३३५ किलो आहे. म्हणजे माझ्या गाडीच्या अंगावर ५५ किलो जास्तीचे होते. हे ५५ किलो आले कुठून आणि त्यातले किती परत काढता येतील, एवढ्या एका प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं.

ताकद वाढवायची मला कधीच गरज वाटली नाही. नाशिकच्या आसपास २५५ पीएस सगळे वापरता येतील असा रस्ता तरी कुठंय? मला हवी होती ती चपळाई. त्र्यंबकच्या पुढे मोखाड्याकडे जाणाऱ्या घाटात, पन्नास-साठच्या वेगातच, स्टिअरिंग वळवल्यावर गाडीनं लगेच नाक फिरवावं, ब्रेकवर पाय ठेवला की तिथल्या तिथे बसावं, खडबडीत डांबरावर चाकं उडू नयेत. आणि हे वजनाशी बांधलेलं आहे.

पोर्शनंच ते २०१० मध्ये करून दाखवलंय. बॉक्स्टर स्पायडर नावाची गाडी त्यांनी बॉक्स्टर एसपेक्षा (बॉक्स्टरचीच जास्त ताकदीची आवृत्ती) ८० किलोनं हलकी केली आणि १२७५ किलोवर आणली. ॲल्युमिनियमचे दरवाजे लावले, तिथेच १५ किलो गेले. हातानं लावायचं कापडी छप्पर, हलकी बकेट सीट, पेट्रोलची टाकी ६४ ऐवजी ५४ लिटरची, दरवाजा ओढायला आतून नुसती कापडी पट्टी. एसी आणि रेडिओसुद्धा मागितले तरच. मी ही यादी खूप दिवस डोळ्यासमोर ठेवली होती. पण एप्रिलमध्ये कॉलेज रोडच्या सिग्नलला विनाएसी उभं राहायची माझी तयारी नाही आणि दरवाजे बदलण्याइतके पैसेही नाहीत. म्हणून माझ्या खिशाला आणि आमच्या हवेला झेपेल तेवढंच घेतलं.

माझं अंबडला छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा कामाला आला. गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू मी आधी त्या काट्यावर ठेवली आणि वहीत लिहिली.

पहिले ११ किलो फुकट गेले. पुढच्या डिकीतलं सामान काढून वर्कशॉपच्या टेबलावर मांडलं तर हवा भरायचा पंप, पाना-पकडांची पिशवी, पाण्याच्या तीन बाटल्या, जाड कव्हर, पॉलिशचे डबे, एक जुनी छत्री. पंप, पंक्चरचं सामान आणि टो करायचा हुक तेवढा परत ठेवला. त्यानंतर आधीच्या मालकानं बसवलेला बास बॉक्स आणि अँप्लिफायर, वायरिंगसकट ९.२ किलो. तो काढला आणि विकलाही, म्हणजे त्या ९ किलोंनी उलट पैसे दिले. कुणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी आधी डिकी रिकामी करायला सांगतो. काट्यावर सामान पाहिल्याशिवाय पटत नाही.

पेट्रोलचंही असंच. लिटरमागे पाऊण किलोच्या आसपास वजन येतं. ६४ लिटरची टाकी अर्धी ठेवली तर २३-२४ किलो कमी, आणि या गाडीत टाकी पुढच्या बाजूला असल्यामुळे ते सगळं नाकावरचं. सकाळी घाटात जायचं असेल तर मी अर्धीच भरतो. फरक हाताला कळतो. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता जसा असेल तसा ते हातात आणून देतं.

आता चाकांबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडला आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली.

गाडीला १९ इंची अलॉय होते. या मॉडेलला कंपनीकडून १८ इंचीसुद्धा मिळायचे, म्हणून १८ वर यायचं ठरवलं. टायर पुढे २३५/४०, मागे २६५/४० (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते). बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, पण रबराची भिंत पुढे ८२ मिलिमीटरची ९४ होते. आपल्या रस्त्यांवर हे १२ मिलिमीटर सोन्यासारखे आहेत.

पहिल्यांदा मी स्वस्तातले 'लाइटवेट' म्हणून विकले जाणारे ओतीव अलॉय घेतले. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. वजन खरंच कमी होतं, दिसायलाही छान. सव्वा महिन्यानंतर पाथर्डी फाट्याजवळ एका खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं. टायर शाबूत, रिम वरून सरळ, पण स्टिअरिंगमध्ये बारीकशी थरथर यायला लागली. आमच्या वर्कशॉपमध्ये डाय पेनिट्रंट तपासणी, म्हणजे रंगीत द्रव मुरवून धातूतला बारीक तडा शोधणं, नेहमीची आहे, म्हणून चाक उतरवून तेच केलं. रिम धुऊन पुसली, लाल द्रव फवारला, पंधरा मिनिटं थांबलो, कापडानं पुसून काढला आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. आधी सगळं पांढरं. मग आरा जिथे रिमला मिळतो तिथे आतल्या बाजूनं हळूहळू एक लाल रेघ उमटली, करंगळीच्या नखाएवढी. दोन-तीन मिनिटांत ती आणखी ठळक झाली. साध्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. त्या चाकावर मी आदल्या दिवशी बायकोला शेजारी बसवून सापुताऱ्याला जाऊन आलो होतो. त्या रात्री झोप लागली नाही. विक्रेत्यानं दखल घेतली नाही. चारही चाकं मी भंगारात दिली. कुणाला विकायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर घडीव, म्हणजे फोर्ज्ड, चाकं मागवली. भार किती पेलते याचा शिक्का प्रत्येक चाकावर आहे. घडीव धातू जोरात मार बसला तर बहुतेक वेळा वाकतो, ओतीव तडकण्याची शक्यता जास्त. वाकलेलं चाक दिसतं, तडकलेलं लपून राहतं. टायरसकट खर्च साडेतीन लाखांच्या पुढे गेला. ५ बाय १३० चं बोल्टचं माप (१३० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) तंतोतंत जुळणारी चाकं मिळायला दोन महिने लागले.

टायरसह वजन : पुढचं चाक २१.४ वरून १८.६, मागचं २४.९ वरून २१.३. चारही मिळून १२.८ किलो. आकडा छोटा वाटेल, पण चाकाचा किलो आणि डिकीतला किलो सारखे नाहीत. चाकाला गाडीबरोबर पुढेही जायचं असतं आणि स्वतःभोवती फिरायचंही असतं. जे वजन अगदी कडेला आहे, ते वेग वाढवताना आणि ब्रेक लावताना जवळजवळ दुप्पट भरतं. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून वर फेकलेलं जड चाक शॉकॲब्सॉर्बरला लवकर आवरत नाही, हलकं चाक पटकन परत रस्त्यावर टेकतं. गंगापूर रोडवर एक ठिगळाठिगळाचा पट्टा आहे, तिथे आधी गाडी आडवी थरथरत जायची. आता त्याच वेगात ती सरळ जाते. हलकं चाक आणि जाड भिंत यांपैकी श्रेय कुणाला किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच बदललं. पण परिणाम पहिल्या दोन किलोमीटरांत कळला आणि नऊ महिन्यांनंतर आजही गाडी काढली की कळतो.

बॅटरीचा अनुभव संमिश्र आहे. मूळची शिशाची १९.८ किलोची, नवीन लिथियम आयर्न फॉस्फेट ६.४ किलोची. पोर्शनं स्वतः जीटी३ सारख्या रेसिंगच्या वळणाच्या गाड्यांना २०१० पासून असली बॅटरी पर्याय म्हणून दिली, तेव्हा मला ती कल्पना नवी नव्हती. १३.४ किलो एकाच वस्तूत जातात, तेही पुढून, काचेच्या पायथ्याजवळून. सेल्फ मारला की इंजिन आधीपेक्षा झटकन पकडतं. पण जानेवारीत तीन आठवडे मी गाडीला हातच लावला नाही. अलार्म आणि लॉकनं बॅटरी हळूहळू प्यायली आणि आतल्या सर्किटनं स्वतःच्या रक्षणासाठी तोंड बंद केलं. आता गंमत नव्हे, अडचण बघा : या गाडीची पुढची डिकी विजेवर उघडते आणि बॅटरी त्याच डिकीत. पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये ओढून बाहेर काढायचा एक प्लस टर्मिनल असतो. त्याला बाहेरून करंट दिला तेव्हा झाकण उघडलं. ज्यांच्याकडे ९८७ आहे त्यांनी हे आधीच एकदा करून पाहावं, रात्री अंधारात पहिल्यांदा शोधत बसू नये. आणि लिथियमला तिचाच चार्जर वापरा, शिशाच्या बॅटरीचा 'डीसल्फेशन' असलेला चार्जर लावू नका.

एक काम मी केलं आणि उलटं फिरवलं. सीटमागचं कार्पेट आणि आवाज अडवणारे जाड थर काढले, ८.१ किलो. डिसेंबरात मजा आली. इंजिन कानाशीच बोलायचं. मार्च उजाडला तशी पाठ तापायला लागली, कारण इंजिन त्या पत्र्याच्या पलीकडेच आहे. एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या पुढे गेल्यावर एसी पूर्ण सोडूनही सीटची मागची बाजू गरम लागायची. बायको म्हणाली, "अहो, ही गाडी आहे का भट्टी?" तिचं बरोबर होतं. सगळं परत बसवलं. आठ किलो वाढले आणि गाडी वळताना काहीही फरक जाणवला नाही. कारण ते वजन गाडीच्या मध्यावर, खाली होतं. टोकाला असलेलं, उंचावर असलेलं आणि फिरणारं वजन गाडीला आळशी करतं. मधल्या वजनामागे लागून घरातली शांतता घालवू नये.

सीटला हात लावला नाही. या गाडीत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच आहे. बाहेरची बकेट सीट लावली तर दहा-बारा किलो वाचतील, पण त्याबरोबर ती एअरबॅगही जाईल. सायलेन्सर आणि कॅटलाही (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांवर बंधनं घालणारं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही वाचूनच मी हात कुठे घालायचा ते ठरवलं. आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असं काही करायचं नाही, चाकाचं माप कंपनीनं या मॉडेलला दिलेलंच ठेवायचं, आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. तिन्ही केलं.

सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट पुन्हा करून घेतलं, ते विसरू नका. वजन उतरलं की गाडी किंचित वर उठते आणि मापं सरकतात. आम्हाला पुढच्या टोमध्ये, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली असतात त्या मापात, दुरुस्ती करावी लागली.

मे महिन्यात टाकी पुन्हा काठोकाठ भरून त्याच काट्यावर गेलो. पावती १३४० ची. माझ्या वहीतली बेरीज ४६.४ किलो, म्हणजे काट्याच्या पटीत बरोबर जुळलं. ताकद आणि वजनाच्या गुणोत्तरात मांडलं तर हे नऊएक पीएस वाढवल्यासारखं आहे. सरळ रस्त्यावर ते मला फारसं जाणवत नाही, खरं सांगायचं तर. घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वळणांवर जाणवतं. आधी वळणाच्या तोंडाशी ब्रेक मारून गाडी बसेपर्यंत क्षणभर थांबावं लागायचं, आता ती वाट पाहावी लागत नाही. ब्रेक सोडला, स्टिअरिंग दिलं, नाक आत. ओल्या रस्त्यावर अर्ध्या टाकीत पुढचा भाग थोडा जास्तच हलका लागतो, तेव्हा मी वेग आधीच उतरवतो.

कुणी आज हेच करणार असेल तर त्यानं आधी डिकी आणि बास बॉक्ससारखी नंतर लावलेली अडगळ काढावी, मग पैसे साठवून चांगली घडीव चाकं घ्यावीत, आणि तिथेच थांबलं तरी चालेल. बॅटरी त्यानंच घ्यावी ज्याची गाडी दर आठवड्याला बाहेर पडते.

पावसाळ्यात माझी पडत नाही. म्हणून गेल्या रविवारी शिशाची जुनी बॅटरी परत बसवली, लिथियमवाली चार्ज करून घरात ठेवली. १३ किलो वाढले. दिवाळीच्या आधी पुन्हा काढेन.