नवीन लॉक टाकलं म्हणाला, निघाली काळी टेप

मागच्या सीटची पाठ पाडता येते ना, ६०:४० वाली म्हणजे एक मोठा आणि एक छोटा अशा दोन भागांत पडणारी, तिचं लॉक माझ्या गाडीत कधीपासून खडखडत होतं. गाडी जरा उडाली की मागे कुणी रिकामा डबा वाजवतंय असं वाटायचं. खटक्याजवळ लाल खूण असते, लॉक नीट बसलं की ती आत जाते, माझी अर्धी बाहेरच. तरी मी सहा महिने तसंच चालवलं, तो आळस माझाच.

शेवटी गॅरेजला टाकली. मेकॅनिकने पाठ दोनदा हलवली आणि लगेच "मॅडम, लॉकच गेलंय, पूर्ण बदलावं लागेल". दोन दिवसांनी गाडी मिळाली, बिलात पार्ट वेगळा, मजुरी वेगळी, आणि आवाज खरंच बंद. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला. मी पण घाईत होते, पैसे दिले नि निघाले. आवाज गेला म्हणून लाल खुणेकडे नंतर बघितलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी समोर कुत्रं आडवं आलं, जोरात ब्रेक मारला तर मागची पाठ धाडकन पुढे आणि डिकीतली बॅग सीटवर. लेक रोज तिथेच बसते, त्या दिवशी नेमकी घरी होती.

दुसऱ्या मेकॅनिकने पाठ पाडली आणि काही न उघडताच हसायला लागला. गाडीच्या बॉडीला यू आकाराची सळई असते, स्ट्रायकर म्हणतात, तिच्यावर वायरिंगची काळी टेप गुंडाळलेली! लॉकमधला आकडा ही सळई पकडतो आणि आतली खिट्टी त्या आकड्याला मागे फिरू देत नाही. टेपने सळई जाड झाली, त्यामुळे खडखड थांबली, पण आकडा पूर्ण फिरेना आणि खिट्टी नुसती काठावर टेकून राहिली. म्हणजे आधीपेक्षा वाईट, फक्त आवाज न करता. मग त्याने कव्हर सोडवून लॉकचे बोल्ट दाखवले, त्यांच्यावर कंपनीत मारलेली पिवळ्या रंगाची रेघ बोल्टपासून पत्र्यापर्यंत अख्खी, कुठे तुटलेली नाही. पान्हा लागलाच नव्हता. आणि लॉकच्या कडेला गंज.

हे "सीटच तर आहे" प्रकरण नाहीये हो. बऱ्याच गाड्यांत मधल्या सीटचा बेल्ट त्याच पाठीतून येतो, चाइल्ड सीटचा वरचा पट्टासुद्धा कितीतरी गाड्यांत त्याच पाठीमागे अडकवतात. युनायटेड नेशन्सच्या आर१७ नियमात या पाठीची टेस्ट करताना मागे १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका दणका देतात. माझ्याकडे एक बॅग आणि एक ब्रेक पुरला.

आता मी काय करते तर पाठ बसवली की वरची कडा धरून जोरात पुढे ओढते, लाल खूण बघते, मगच सामान भरते. लॉक तपासायचं असेल तर पाठ पाडून आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, कट्ट करून बसला पाहिजे आणि ओढून उघडता कामा नये, खटका दाबल्यावरच सुटला पाहिजे (मग सोडवून ठेवा, नाहीतर पाठ बसणारच नाही). गाडी देण्याआधी लॉकचा, सळईचा आणि जमलं तर बोल्टचा फोटो काढा. नवीन पार्ट बसवण्याआधी दाखव म्हणायचं, डाव्या-उजव्या बाजूचं लॉक बहुतेक वेगळं असतं तेही बघायचं. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे नाही.

ती टेप घेऊन मी पहिल्याकडे परत गेले. म्हणतो कसा, "मॅडम, ती टेप नवीन लॉकसोबतच येते." मी म्हटलं गंजपण सोबतच येतो का, तर फोन आला म्हणून आत गेला. अर्धा तास थांबले, आलाच नाही.