वेस्ट बँकेचे दोन फुकट नकाशे : कोणता कशासाठी

वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, 1967 पासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनी प्रदेश. त्याचा एक नकाशा संयुक्त राष्ट्रांच्या 'ओचा' या मानवतावादी समन्वय कार्यालयाचा, पीडीएफ स्वरूपातला. दुसरा इस्रायलमधल्या 'पीस नाऊ' संघटनेच्या 'सेटलमेंट वॉच' गटाचा, संकेतस्थळावर उघडणारा. ओचाच्या नकाशात आज रस्त्यात काय आडवं येतं ते दिसतं. पीस नाऊकडे इस्रायली वसाहतींत, म्हणजे या प्रदेशात इस्रायलींनी उभारलेल्या वस्त्यांत, कुठे काय बांधलं जातंय याची नोंद मिळते. त्यामुळे एकावर भागत नाही.

ओचाचा नकाशा आधी घ्या, पण फोनवर नको. फाईल जड आहे आणि चिन्हं बारीक. ए-थ्री कागदावर छापला तर नाक्यांचे ठिपके एकमेकांवर चढतात. छापायचाच तर प्लॉटरवर ए-वन काढावा. पहिल्यांदा 1949 ची युद्धबंदी रेषा, म्हणजे ग्रीन लाइन, बोटाने फिरवून घ्या. मग इस्रायलने उभारलेल्या भिंत-कुंपणाची रेषा. दोन्ही एक नाहीत, हे तिथेच कळतं. एरिएल या वसाहतीजवळ तर कुंपणाचा आखलेला मार्ग थेट आत घुसतो. त्यानंतर ए, बी, सी क्षेत्रं. 1995 च्या दुसऱ्या ऑस्लो कराराने, म्हणजे इस्रायल-पॅलेस्टिनी करारानेच, ती पाडली, पाच वर्षांपुरती. आजही तीच आहेत. सुमारे 60 टक्के जमीन 'सी'मध्ये, म्हणजे पूर्ण इस्रायली ताब्यात, आणि तीच सलग आहे. ए (पॅलेस्टिनी कारभार) आणि बी (कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षा इस्रायली) म्हणजे मध्ये विखुरलेली बेटं.

इथे बहुतेकांची नजर चुकते. वसाहतींची घरं शोधली की ती नखाएवढी दिसतात आणि 'एवढंसंच तर आहे' असं वाटतं. घरं सोडा, हद्दी बघा. बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संस्थेच्या 2010 च्या अहवालात बांधकामाखालची जमीन जेमतेम 1 टक्का होती, तर वसाहतींच्या स्थानिक आणि प्रादेशिक परिषदांच्या हाती सुमारे 42 टक्के.

जेरुसलेमच्या पूर्वेच्या माले अदुमिम या वसाहतीवर झूम करून बघा. वस्ती साधारण 40 हजारांची. पण नगरपालिकेची हद्द पश्चिमेकडे पूर्व जेरुसलेमच्या दिशेने पसरलेली. मधला जवळजवळ मोकळा दिसणारा सुमारे 12 चौरस किलोमीटरचा पट्टा म्हणजे ई-1. 2008 पासून तिथे पोलिसांचं जिल्हा मुख्यालय आहे, आजूबाजूला बेदुइनांच्या वाड्या. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सुमारे 3,400 घरांना मंजुरी मिळाली. रामल्ला ते बेथलेहेम हा पॅलेस्टिनी पट्टा सलग राहायचा तर तो इथूनच राहू शकतो. ओचाच्या नकाशावर मात्र ही जागा अजून रिकामीच वाटते, कारण कागदावरच्या योजना त्यात धरलेल्या नाहीत. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

दुसरा दोष रस्त्यावरच्या फाटकांचा. 2025 च्या सुरुवातीच्या मोजणीत नाके, फाटकं, मातीचे ढिगारे वगैरे मिळून 849 अडथळे निघाले. सकाळी उघडं आणि दुपारी बंद असलेल्या फाटकाला नकाशात एकच ठिपका. प्रवासाची वेळ यावरून काढू नये. हेब्रॉनच्या जुन्या शहरासाठी ओचाचाच वेगळा नकाशा घ्यावा. मोठ्या नकाशात तिथे नुसती गर्दी होते.

योजनांसाठी पीस नाऊ. संघटना वसाहतींच्या विरोधात आहे आणि ते लपवत नाही. तरी तिचे आकडे उपयोगाचे, कारण ते सरकारी कागदांतून काढलेले असतात. फक्त तक्ते नीट वाचावे लागतात. आपल्याकडच्या नगररचनेशी परिचय असेल तर क्रम ओळखीचा वाटेल: आराखडा मांडणं, हरकती, अंतिम मंजुरी, निविदा, परवाना, पाया. तेच घर आधी आराखड्यात, मग निविदेत, मग 'काम सुरू'मध्ये येतं. तिन्ही तक्त्यांची बेरीज केली की आकडा फुगतो, आणि ही चूक बातम्यांतही सर्रास दिसते. दुसरा सापळा वसाहतींच्या संख्येचा. मे 2025 मध्ये सरकारने 22 वसाहतींना मान्यता दिली, पण त्यातल्या काही आधीच उभ्या असलेल्या आउटपोस्ट, म्हणजे सरकारी मंजुरीविना वसवलेल्या वस्त्या, होत्या. म्हणजे वाढ काही प्रमाणात रकाना बदलल्याचीच. तिसरं, एकूण लोकसंख्येत पूर्व जेरुसलेम धरलेलं नाही. तिथले दोन लाखांहून अधिक वेगळे मिळवायचे.

पीस नाऊच्या आकडेवारीत 2003 च्या जिनिव्हा प्रस्तावाच्या (इस्रायली आणि पॅलेस्टिनी मंडळींनी मिळून केलेल्या अनौपचारिक शांतता आराखड्याच्या) सीमेपलीकडे किती वसाहतवासी राहतात, याचा वेगळा हिशोब असतो. दोन राष्ट्रांच्या तोडग्यावर बोलायचं तर खरा आकडा हाच. त्या प्रस्तावात माले अदुमिम इस्रायलकडे राहतं, एरिएल जात नाही. 2005 मध्ये गाझातल्या 21 वसाहतींतून सुमारे 8 हजार लोक हलवताना इस्रायली समाज ढवळून निघाला होता. एकट्या एरिएलची वस्ती त्याच्या दुपटीहून जास्त आहे.

गुण द्यायचे तर ओचाला पाचपैकी चार, पीस नाऊला साडेतीन. त्यातला अर्धा तक्त्यांच्या मांडणीसाठी कापला.