नोटबुक टीमला द्यायची: गिटमधून की कोलॅबच्या लिंकवर?

कोलॅब म्हणजे गूगलची ब्राउझरमध्ये नोटबुक (कोड आणि त्याचं आउटपुट एकत्र ठेवणारी फाइल) चालवायची सोय. तिथे ‘शेअर’ दाबा, ईमेल टाका, ‘एडिटर’ निवडा, झालं. पण लिंकसोबत आपलं मशीनही गेलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नोटबुक गूगल ड्राइव्हवर एकच, रनटाइम (कोड चालवणारं तात्पुरतं मशीन) मात्र ज्याचा त्याचा. तुम्ही डाव्या पॅनलमधून चढवलेली सीएसव्ही (डेटाची फाइल) सहकाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे त्याच्याकडे फाइल वाचणाऱ्या सेललाच (नोटबुकमधल्या कोडच्या तुकड्याला) एरर येतो. रनटाइम गेला की ती तुमच्याकडूनही जाते. डेटा ड्राइव्हवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा आणि पहिल्या सेलमध्ये ड्राइव्ह माउंट करा, म्हणजे रनटाइमला जोडा. दोघांनी एकाच वेळी एकच नोटबुक बदलणं टाळलेलं बरं.

गिटची, म्हणजे फाइलमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाची, कटकट वेगळी. नोटबुकची आयपीवायएनबी फाइल आतून जेसन (ठरावीक रचनेचा मजकूर) असते: कोडसोबत आउटपुट, सेलचे क्रमांक, आलेखांची चित्रंसुद्धा तिच्यातच. कोडची एक ओळही न बदलता नुसतं ‘रन ऑल’ केलं तरी डिफ (जुन्या-नव्यातला फरक) लांबलचक दिसतो. दोघांचे बदल एकत्र करताना (मर्ज) न जुळलेल्या जागी गिट टाकतं त्या खुणा आत घुसल्या की जेसन मोडतं आणि नोटबुक उघडत नाही. यावर एनबीस्ट्रिपआउट हे साधन लावा. गिट ॲड करतानाच आउटपुट गळतं. मात्र ते प्रत्येकाने आपापल्या क्लोनमध्ये (स्वतःकडच्या प्रतीत) बसवायचं, एकट्याने बसवून काही होत नाही. बदलांमधली उरलेली भांडणं एनबीडाइम हे साधन सेलनुसार दाखवतं. गिटचे प्रकल्प ठेवायची साइट गिटहब १०० एमबीवरची फाइल अडवते, तेव्हा डेटा रेपोबाहेरच (प्रकल्पाच्या गिट फोल्डरबाहेर).

दोन दिवसांच्या चाचपणीला कोलॅब पुरे. दरमहा निघणारा अहवाल गिटमध्येच हवा, सोबत पॅकेजच्या (कोडला लागणाऱ्या तयार लायब्रऱ्यांच्या) नेमक्या आवृत्त्यांची रिक्वायरमेंट्स फाइल. कोलॅबमधल्या आयत्या पॅकेजच्या आवृत्त्या वेळोवेळी बदलतात.