गाडलेलं नगर आकाशातून शोधताना: ड्रोन, लायडार की जुने उपग्रहफोटो?

आधी जमीन पाहा, मग यंत्र निवडा.

वर शेती असेल तर ड्रोनने किंवा विमानातून काढलेले फोटो घ्या. खर्च कमी, आणि योग्य हंगाम साधला तर यांच्याइतकं स्पष्ट काहीच दिसत नाही. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असतो, त्यामुळे पावसाने ओढ दिली की तिथलं पीक आधी पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकात ओल टिकते, तिथलं पीक उंच आणि हिरवंगार राहतं. व्हेनिसजवळच्या अल्टिनम या रोमन नगराचा नकाशा असाच हाती लागला. जुलै २००७, कडक दुष्काळ, मका आणि सोयाबीनची शेतं. साध्या फोटोंबरोबर निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातले) फोटोही घेतले आणि रस्ते, नाट्यगृह, कालवा सगळं पिकात उमटलं. भरपूर पावसाच्या वर्षी तेच शेत कोरं दिसू शकतं. म्हणून पिकाला ताण बसला की कापणीपर्यंत दर आठवड्याला उड्डाण करा.

एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेल कॅमेरा १०० मीटर उंचीवरून साधारण २.७ सेंमीचा पिक्सेल देतो, म्हणजे फोटोतला एक ठिपका जमिनीवरचे तेवढे अंतर दाखवतो. लागोपाठचे फोटो ८० टक्के आणि शेजारच्या रांगा ७० टक्के एकमेकांवर येऊ द्या. एकसारख्या पिकात याहून कमी ठेवलं तर फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला जुळणी सापडत नाही. निचऱ्याचे पाइप आणि मोडलेले बांधही हुबेहूब भिंतीसारखे दिसतात, तेव्हा जुने नकाशे शेजारी ठेवाच.

जंगलात मात्र लायडारच, म्हणजे विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजणारं यंत्र. महाग आहे, पण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचलेल्या लेसर किरणांवरून उंचसखलपणा कळतो. २०१२ मध्ये कंबोडियातल्या अंकोर या प्राचीन नगराच्या परिसरात सुमारे ३७० चौ. किमी क्षेत्र असंच मोजलं. मोजमापांतून झाडं गाळणारं सॉफ्टवेअरमधलं फिल्टर कडक लावलं, तर ठेंगणे चौथरे झाडांबरोबर पुसले जातात. मिळालेल्या उंचसखल नकाशावर संगणकाने कृत्रिम उजेड टाकून सावल्या पाडतात; तो उजेड एकाच दिशेने टाकला, तर त्या दिशेला समांतर भिंती लपतात. निदान आठ दिशांनी टाका. नांगरून सपाट झालेल्या शेतात लायडारवर पैसे घालू नका.

धरणाखाली किंवा वस्तीखाली गेलेल्या जागेसाठी १९६०-७२ मधले ‘कोरोना’ या अमेरिकी हेरउपग्रहांचे फोटो मागवा. ते १९९५ मध्ये खुले झाले. १९६७ नंतरच्या केएच-४बी कॅमेऱ्याचे निवडा, त्यांत जमिनीवरचा सुमारे १.८ मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. सीरियात तेल ब्राक या प्राचीन नगराच्या टेकाडाभोवतीच्या जुन्या वाटा त्यांत स्पष्ट दिसतात. फिल्मच्या लांब पट्टीच्या टोकांना प्रतिमा ताणलेली असते, म्हणून नकाशाशी फक्त चार कोपरे जुळवून भागत नाही. संदर्भबिंदू (फोटोत आणि नकाशात दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) पट्टीभर पसरून घ्या.