अंगावर फोड आल्यास: आधी बायोप्सी की रक्तचाचणी?

अंगावर किंवा तोंडात वारंवार फोड येऊ लागले आणि त्वचारोगतज्ज्ञांनी पेम्फिगस किंवा बुलस पेम्फिगॉइडची शंका बोलून दाखवली, की त्वचेचा तुकडा काढू द्यावा की नुसते रक्त तपासून भागेल, असा प्रश्न घरच्यांना पडतो. आधीच सोललेल्या अंगावर आणखी जखम नको, ही भावना मी समजू शकतो. तरीही पहिल्या निदानाच्या वेळी बायोप्सी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

या आजारांत शरीर स्वतःच्याच त्वचेविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पेम्फिगसमध्ये ती वरच्या थरातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन 1 आणि 3 या प्रथिनांवर उलटतात, तर पेम्फिगॉइडमध्ये वरचा थर खालच्या थराला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर. एलायझा ही रक्तचाचणी अशी प्रतिपिंडे रक्तात किती आहेत ते आकड्यात सांगते. डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजेच डीआयएफ, ही काढलेल्या तुकड्यावरची तपासणी तीच प्रतिपिंडे प्रत्यक्ष त्वचेत कुठे चिकटली आहेत ते चमकणाऱ्या रंगाने दाखवते: पेम्फिगसमध्ये पेशींभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी, पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या सीमेवर सलग रेघेसारखी.

बायोप्सीचे दोन तुकडे लागतात, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. नेहमीच्या तपासणीसाठी नुकत्याच आलेल्या लहान फोडाच्या कडेचा तुकडा फॉर्मलिनमध्ये पाठवतात. त्यावरून त्वचा कोणत्या पातळीवर दुभंगली आहे ते कळते. डीआयएफसाठी मात्र फोड नव्हे, तर त्याच्या शेजारची न फुटलेली त्वचा हवी, आणि तो तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की या तपासणीपुरता वाया गेला. तो मिशेल द्रवात (असे नमुने जपून पाठवण्यासाठीच्या खास द्रवात) ठेवला तर काही दिवस टिकतो, आणि हा द्रव न मिळाल्यास साध्या सलाईनमध्ये 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवता येतो. ज्यांच्या गावात ही सोय नाही, त्यांनी तुकडा काढण्याआधीच द्रव आणि कुरिअर या दोन्हींची चौकशी करावी.

एलायझाची खरी ताकद पुढच्या काळात दिसते. उपचारांनी प्रतिपिंडे कमी होत आहेत का, ते दर वेळी बायोप्सी न करता पाहता येते, आणि डेस्मोग्लीन 1 चा आकडा आजाराच्या चढउताराशी बऱ्यापैकी जुळतो. डेस्मोग्लीन 3 चा आकडा मात्र फोड पूर्ण बरे झाल्यावरही वर राहू शकतो, म्हणून केवळ त्याकडे पाहून औषध वाढवणे योग्य नाही. आजार फक्त तोंडात असून तिथला तुकडा काढणे अवघड असेल, तर पेम्फिगसच्या निदानातही ही चाचणी मोठी मदत करते.

पेम्फिगॉइडमध्ये मात्र एलायझा नकारात्मक आली म्हणून निश्चिंत होऊ नये. नेहमीची चाचणी बीपी180 या प्रथिनाच्या एका ठरावीक भागाविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, आणि मधुमेहावरील ग्लिप्टिन गटातील औषधांमुळे हा आजार झालेल्या काही रुग्णांत प्रतिपिंडे त्या भागाबाहेर असतात. अशा वेळी डीआयएफच आजार पकडते. मधुमेहाच्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. त्या परस्पर बंद मात्र करू नयेत.

झँक स्मीअर, म्हणजे फोडाच्या तळाचा खरवडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी, स्वस्त आहे आणि त्याच दिवशी कळते, पण ती पेम्फिगसची केवळ दिशा दाखवते. याउलट, मिठाच्या द्रावणाने दुभंगवलेल्या त्वचेवर रुग्णाचे सीरम (रक्तातील पेशी वगळून उरलेला द्रव) तपासण्याची चाचणी सरसकट करायची नसली, तरी डीआयएफमध्ये सीमेवर रेघ दिसल्यावर फार उपयोगी पडते: चमक त्या दुभंगाच्या छताकडे असेल तर बहुधा बुलस पेम्फिगॉइड, तळाकडे असेल तर एपिडर्मोलायसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटासारखा, उपचारांना कमी दाद देणारा आजार असू शकतो.

खर्चामुळे एकच विशेष चाचणी शक्य असेल, तर मी डीआयएफ निवडीन. दोन्ही परवडत असतील, तर एलायझाचे रक्तही स्टेरॉइड सुरू होण्यापूर्वीच द्यावे, कारण पुढचे सगळे आकडे त्या पहिल्या आकड्याशीच ताडून पाहायचे असतात.