हॅच कव्हरची अल्ट्रासोनिक चाचणी: यंत्र उत्तम, अहवाल अपुरा

पाच होल्ड (माल ठेवायचे कप्पे) आणि त्यांच्या तोंडावर बाजूला सरकणारी पोलादी झाकणे, म्हणजे साइड-रोलिंग हॅच कव्हर, असलेल्या एका बल्क कॅरियरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) मी चीफ ऑफिसर असताना, पोलादी कॉइलचा माल भरण्याआधी सर्व हॅच कव्हरांची अल्ट्रासोनिक चाचणी करून घेण्याचे मालक कंपनीने ठरवले आणि त्यासाठी बाहेरच्या एका तपासणी संस्थेचा तंत्रज्ञ जहाजावर आला. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा त्या एकाच संस्थेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

त्याच कव्हरांची होज टेस्ट महिनाभरापूर्वी आम्ही स्वतः केली होती आणि पाचही होल्ड कोरडे निघाले होते. ही चाचणी करायला सोपी असते. किमान 12 मिलिमीटर व्यासाचा नॉझल, तोंडाशी किमान 2 बार दाब आणि सांध्यापासून दीड मीटरच्या आतले अंतर राखून एक जण वरून पाणी मारतो आणि दुसरा होल्डमध्ये उभा राहून थेंब पाहतो. अडचण त्या दुसऱ्या माणसाची असते. रबर पॅकिंगला चुकवून आत आलेले पाणी क्रॉस-जॉइंटखालच्या, म्हणजे कव्हरच्या दोन पॅनेलमधल्या सांध्याखालच्या, ड्रेन चॅनलमध्ये पडून कोमिंगच्या (हॅचभोवतीच्या उभ्या पोलादी कठड्याच्या) ड्रेनवाटे परत डेकवर गेले, तर खाली उभ्या असलेल्याला काहीच दिसत नाही आणि सांधा निर्दोष असल्याची नोंद होते. शिवाय रबर कॉम्प्रेशन बारला (ज्या पोलादी पट्टीवर ते दाबले जायला हवे तिला) नुसते टेकलेले असले तरी बंदरातल्या स्थिर जहाजावर ते पाणी अडवू शकते. समुद्रात जहाजाचा सांगाडा लाटांवर वाकू-पिळू लागला की ते टेकणे पुरत नाही, तिथे दाबले गेलेले रबरच लागते. त्या पट्टीला खडू लावून कव्हर बंद करायच्या खडूच्या चाचणीलाही हीच मर्यादा आहे. रबरावर उमटलेली खडूची रेघ स्पर्श झाला एवढेच सांगते, दाब किती पडला हे सांगत नाही.

अल्ट्रासोनिक उपकरणाची किंमत नेमकी इथे कळते. होल्डच्या तळावर सुमारे 40 किलोहर्ट्झचा ध्वनी सोडणारा ट्रान्समीटर ठेवून आधी हॅच उघडे असताना वाचन घेतात, मग कव्हर बंद करून, क्लीट (कव्हर घट्ट धरणारे खटके) लावून, बाहेरून सगळ्या सांध्यांवरून रिसीव्हर फिरवतात; उघड्या हॅचच्या मूल्याच्या 10 टक्क्यांहून जास्त ध्वनी जिथे ऐकू येतो, तिथे रबरावर पुरेसा दाब नाही असे धरले जाते. पाणी सांडत नाही, पारा शून्याखाली असला तरी काम अडत नाही आणि माल भरलेला असतानाही चाचणी करता येते. आमच्या तीन नंबरच्या होल्डचा क्रॉस-जॉइंट, जो होज टेस्टमध्ये कोरडा निघाला होता, तो या उपकरणाने डाव्या टोकाला जवळपास हातभर लांबीत सदोष दाखवला. एवढ्या एका शोधासाठीही मी ही सेवा पुन्हा मागवीन.

तंत्रज्ञाची शिस्तही वाखाणण्यासारखी होती. उपकरणाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र त्याने न मागता दाखवले, प्रत्येक होल्डचे उघड्या हॅचचे मूल्य स्वतंत्रपणे घेतले (काही जण पहिल्या होल्डचे मूल्यच सगळीकडे वापरून मोकळे होतात) आणि डेकवरची एक हवेची नळी फुसफुसत होती ती बंद करेपर्यंत काम थांबवले, कारण गळणाऱ्या हवेचा ध्वनीही त्याच पट्ट्यात येतो आणि वाचन बिघडवतो. सदोष जागा त्याने पॅनेलवर खडूने खूण करून बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) समजावून दिल्या, हे विशेष.

तक्रार आहे ती अहवालाबद्दल. तीन नंबरच्या सांध्यासाठी त्यात एकच ओळ होती: रबर बदलावे. आम्ही रबर मोजले, तर मूळ 12 मिलिमीटर दाबले जाण्यासाठी बनवलेल्या त्या पॅकिंगला त्या कोपऱ्यात 8 मिलिमीटरची कायमची खाच पडलेली होती. निम्म्याहून जास्त दाब कायमचा बसला की रबर बदलायचे हा सर्वमान्य दंडक असल्याने सूचना चुकीची नव्हती, पण खाच का पडली याचा विचार तिच्यात नव्हता. पॅनेलचे वजन रबराने नव्हे तर पोलादी बेअरिंग पॅडने पेलायचे असते, आणि त्या कोपऱ्यातला पॅड झिजल्यामुळे पॅनेल खाली बसून रबर मर्यादेपलीकडे चिरडले जात होते, तर क्रॉस-जॉइंटवर शेजारच्या पॅनेलशी उंची न जुळल्याने दाब पडतच नव्हता. पॅड तसाच ठेवून नवे रबर घातले असते, तर ते थोड्याच काळात त्याच खाचेला आले असते. क्लीट आवळून ही उणीव भरून काढायचा मोह अनेकांना होतो. त्याने पॅनेल सरळ होत नाही, रबर तेवढे लवकर मरते. आम्ही आधी पॅडची उंची पूर्ववत केली, मग त्या बाजूचे रबर तुकडा न जोडता सलग बदलले आणि नव्या रबराला रंगाचा ब्रश लागू दिला नाही.

दुसरी उणीव व्याप्तीची. करारात फक्त हॅच कव्हर होती, त्यामुळे व्हेंटिलेटर (डेकवरून आत हवा नेणाऱ्या वाटा) आणि होल्डमध्ये उतरायची लहान झाकणे तपासावीत हे आम्हाला सुचवावे लागले. ओकिनावाजवळ सप्टेंबर 1980 मध्ये ऑर्किड टायफूनमध्ये 44 जणांसह बुडालेल्या ‘डर्बीशायर’ या मालवाहू जहाजाच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता, की पाणी आधी जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या तुटलेल्या व्हेंटिलेटरसारख्या लहान वाटांनी शिरले, त्या भाराने जहाजाचे नाक खाली गेले आणि त्यानंतर लाटांच्या माऱ्याखाली पहिले हॅच कव्हर कोसळले. त्या लहान वाटा चाचणीतून वगळणे मला पटत नाही. कव्हरचे पोलाद किती जाड उरले आहे हे या उपकरणाला कळत नाही, याचीही अहवालात एका वाक्याने आठवण द्यायला हवी होती.

दुरुस्तीनंतर त्याच तंत्रज्ञाने तीन नंबरचा सांधा पुन्हा तपासला आणि वाचन मर्यादेच्या बरेच खाली आले. फेरतपासणी मूळ शुल्कातच धरलेली होती, हे संस्थेच्या बाजूने नोंदवले पाहिजे. वादळाचा अंदाज आल्यावर सांध्यांवर चिकटवायची टेप आम्ही त्या प्रवासात पेटीतच ठेवली. माल उतरवताना सर्व्हेयरला काही कॉइलवर ओलसर डाग दिसले आणि त्याने त्यांवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. खारे पाणी असते तर द्रावण पांढरट झाले असते, ते नितळच राहिले. ते पाणी होल्डला सुटलेल्या घामाचे, म्हणजे आतल्या हवेतल्या बाष्पाचे थंड पृष्ठभागावर जमलेले, होते, आणि त्याचा जाब मला व्हेंटिलेशनच्या नोंदवहीतून द्यावा लागला.