हाफ-हाइट एलटीओ-८ टेप ड्राइव्ह: वापरानंतरचा अनुभव, मुख्यतः लिहिण्याच्या वेगाबद्दल

एलटीओ-८ म्हणजे बॅकअपसाठीच्या कार्ट्रिज टेपची आठवी पिढी, हाफ-हाइट म्हणजे कमी उंचीचा ड्राइव्ह. वापर कुठे आणि कसा, ते आधी. महापे एमआयडीसीतलं इंजिनिअरिंग डिझाइनचं ऑफिस, एसएएस (सर्व्हरला डिस्क आणि टेप जोडायची पद्धत) जोडणीचा बाहेर ठेवायचा ड्राइव्ह, लिनक्स सर्व्हर आणि मागे हार्ड डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा साठा. ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि साइटचे व्हिडिओ यांचा पूर्ण बॅकअप टेपवर जातो, एक प्रत ठाण्यात ठेवली जाते.

ड्राइव्ह उत्तम आहे, पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेऊ. पण हा ड्राइव्ह घेणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: "कागदावर सेकंदाला ३०० एमबी, हातात येतात साठ-सत्तर." अशा वेळी ड्राइव्ह बदलून मागायची घाई करू नका. बहुतेकदा ड्राइव्ह धडधाकट असतो, त्याला डेटा पुरत नसतो.

टेप हार्ड डिस्कसारखी वाट बघत बसू शकत नाही, ती पळत असते. डेटा कमी आला तर ड्राइव्ह पळण्याचा वेग कमी करतो, पण त्याला खालची मर्यादा आहे. एलटीओ-८ मध्ये ती सेकंदाला ११० एमबीच्या आसपास. त्याखाली गेलात की ड्राइव्ह थांबतो, टेप थोडी मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो आणि लिहितो. हे सतत चाललं की वेग तर पडतोच, टेप आणि हेडही झिजतात. कान देऊन ऐका: सलग घरघर असेल तर ठीक, दर काही सेकंदांनी मोटर थांबून उलटी फिरत असेल तर ड्राइव्ह डेटासाठी उपाशी आहे. गिगाबिट नेटवर्कवरून थेट टेपवर लिहिणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. त्या तारेतून जास्तीत जास्त ११०-११८ एमबी येतात, म्हणजे कायम काठावर. १२ टीबीची टेप ३०० च्या वेगाने अकरा तासांत भरते, ११० ने तीस तास लागतात.

दोष शोधताना तीन भाग वेगळे मोजा. पहिला, ड्राइव्ह. रॅमडिस्कमध्ये (डिस्कसारख्या वापरलेल्या रॅममध्ये) २० जीबीची रँडम डेटाची फाइल बनवा आणि डीडी या लिनक्सच्या कॉपी करायच्या कमांडने ५१२ केबीचा ब्लॉक (एका वेळी लिहायचा तुकडा) ठेवून टेपवर लिहा. टेप कोरीच घ्या, कारण सुरुवातीला काहीही लिहिलं की पुढचा सगळा जुना डेटा हाताबाहेर जातो. शून्यांची फाइल वापरू नका. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन ती चुटकीसरशी दाबून टाकतं आणि भलताच मोठा आकडा दिसतो. लिनक्सच्या रँडम डेटा देणाऱ्या यूरँडमवरून थेट लिहिलं तर काही मशीनवर सीपीयूच अडसर ठरतो, म्हणून आधी रॅममध्ये फाइल. इथे २९० च्या आसपास मिळाले तर ड्राइव्ह, केबल आणि कार्ड तिन्ही निर्दोष. इथेच कमी मिळाले तर आधी कार्ड बघा: टेप ड्राइव्ह साध्या एसएएस एचबीएवर (नुसती जोडणी देणाऱ्या कार्डावर) हवा, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड (RAID) कार्डावर नको.

दुसरा भाग, स्रोत. तीच डीडी उलटी चालवा, नॅसवरची मोठी फाइल वाचून डेव्ह-नलमध्ये, म्हणजे टाकलेलं सगळं नाहीसं करणाऱ्या लिनक्सच्या जागेत टाका. मग तोच प्रयोग खऱ्या बॅकअप फोल्डरवर टारने, म्हणजे फाइल एकत्र बांधणाऱ्या कमांडने करा. फक्त जीएनयू टारला थेट डेव्ह-नल दिलंत तर तो फाइल वाचतच नाही, मध्ये कॅट ही डेटा जसाच्या तसा पुढे देणारी कमांड घाला. मोठ्या फाइलला ४०० एमबी देणारा नॅस लाखभर छोट्या ड्रॉइंग फाइलवर आला की तीस-चाळीसवर बसतो, कारण हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे उडत राहतं. अँटिव्हायरसचं रिअल-टाइम स्कॅन चालू असेल तर आणखी खाली. तिसरा भाग नेटवर्क, तो आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने दोन मिनिटांत कळतो.

आमच्या मते यावर सर्वात खात्रीचा इलाज म्हणजे मध्ये एसएसडी ठेवणे: रात्री नॅसवरून एसएसडीवर मोठ्या अर्काइव्ह फाइल बनवायच्या आणि सकाळी तिथून टेपवर. एसएसडीवर लिहिणं आणि तिथून वाचणं एकाच वेळी करू नका, स्वस्त एसएसडी त्यात कोलमडतात.

एसएसडी नसेल तर एमबफर, म्हणजे डेटा रॅममध्ये साठवून मग पुढे देणारा प्रोग्राम. ८ जीबी रॅम द्या आणि बफर ९० टक्के भरल्यावरच लिहायला सुरुवात कर, असं सांगा. समजा स्रोत ६० देतो आणि ड्राइव्ह ३०० ने लिहितो. बफर अर्ध्या मिनिटात रिकामा होतो आणि भरायला दोन मिनिटं लागतात. एकूण वेळ वाचत नाही, पण ड्राइव्ह दर काही सेकंदांऐवजी दोन-अडीच मिनिटांत एकदाच थांबतो. टेपचं आयुष्य यात आहे.

ब्लॉक साइज विसरू नका. टारचा ठरलेला ब्लॉक १० केबी असतो, एलटीओला तो फारच लहान. टारला ब्लॉकिंग फॅक्टर (ब्लॉक किती पट मोठा, तो आकडा) १०२४ दिला की ५१२ केबी होतो. एमटी या टेप ड्राइव्हच्या कमांडने ड्राइव्ह व्हेरिएबल ब्लॉकवर, म्हणजे सेट-ब्लॉक शून्यावर ठेवा. आणि वापरलेला आकडा कार्ट्रिजच्या लेबलवर लिहा: वाचताना लहान बफर दिला तर लिनक्स मेमरी मिळाली नाही अशी एरर देतो आणि टेप खराब झाली असं वाटून माणूस घाबरतो.

कॉम्प्रेशनबद्दल एक उलटी गोष्ट. डेटा निम्मा दाबला जात असेल तर ड्राइव्हची भूक दुप्पट होते, म्हणजे न थांबता चालायला सर्व्हरकडून ११० नाही, २२० एमबी लागतात. व्हिडिओ आणि आधीच झिप केलेल्या फाइल दाबल्या जात नाहीत, तिथे हा प्रश्न येत नाही. खोक्यावरचा ३० टीबीचा आकडा अडीच पट कॉम्प्रेशन धरून आहे. खरेदीचा हिशेब १२ वर करा.

दर तीनेक मिनिटांनी वेग क्षणभर पडतो, त्याची काळजी नको. टेपवर २०८ फेऱ्या असतात, प्रत्येक टोकाला दिशा बदलावी लागते.

सगळे आकडे बरोबर असूनही एकाच कार्ट्रिजवर वेग कमी आणि टेप ११ टीबीच्या आतच भरली, तर राइट एरर काउंटर, म्हणजे लिहिताना झालेल्या चुकांची ड्राइव्हने ठेवलेली मोजणी बघा. ड्राइव्ह लिहिताना लगेच वाचून तपासतो आणि चुकलेला भाग पुढे पुन्हा लिहितो, त्यात वेळही जातो आणि जागाही. ती कार्ट्रिज बाजूला काढा. सगळ्याच कार्ट्रिजवर असं होत असेल तर दोष हेडचा. टेप-अलर्टचा (ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांचा) फ्लॅग २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे नियमित सफाईची वेळ. ड्राइव्हने मागितल्याशिवाय क्लीनिंग कार्ट्रिज घालू नका, तिने हेड घासलं जातं. स्पिरिट आणि कापूस तर अजिबात नको.

ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातली हवा इथे खरा त्रास देतात. ड्राइव्ह जमिनीलगत ठेवू नका, पंख्याची जाळी मोकळी ठेवा. ऑफिसचा एसी रात्री बंद होत असेल तर टेपच्या खोलीचा वेगळा चालू ठेवा. बाहेरून दमट हवेतून आणलेली कार्ट्रिज लगेच घालू नका. केसमध्येच, त्या खोलीत २४ तास राहू द्या.

घेण्याआधी एवढं बघा: जुना साठा एलटीओ-६ वर असेल तर एलटीओ-८ तो वाचत नाही, फक्त ७ आणि ८. एलटीओ-९ घेणार असाल तर नवी कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह ती जुळवून घेतो, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात अडकला समजून वीज बंद करू नका.